छातीवरची गोळी

जीप अंगणात येऊन थांबली तेव्हा सासूबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. जीप बघून त्यांनी आधी पदर सारखा केला आणि मग आत मला हाक मारली, "शकू, मतदान तर होऊन गेलं न्हाई का गं?"

आमच्या सावरखेड्यात जीप यायची ती मतं मागायलाच. पण हिच्यातून जे उतरले त्यांच्या हातात साडीचा खोका होता. पुढे कडक इस्त्रीतला चाळिशीचा गडी, त्याच्या मागे रुमालानं चष्मा पुसत एक वयस्कर सर. गड्यानं येऊन सासूबाईंच्या पायाला हात लावला.

"आत्या, वळखलं का? मी उत्तम. हिवरदरीचा. लिंबाजीचा पोरगा. सरपंच हाय आता."

सासूबाईंचा शेंगांतला हात तसाच राहिला.

हिवरदरी म्हणजे त्यांचं माहेर. आमच्या शिवारातल्या टेकडीवर चढलं की तिथल्या देवळाचा कळस दिसायचा, इतकं जवळ. पण त्यांची आई गेल्यापासून त्या एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. एकुलता भाऊ, तो तरणा असतानाच गेला. रान चुलत्यांकडे गेलं, घर पडलं. बोलावणारं कुणी उरलं नाही, आणि न बोलावता जाणाऱ्यातल्या सासूबाई नव्हत्या. दिवाळीत गल्लीतल्या एकेकीला न्यायला भाऊ यायचे तेव्हा त्या गोठ्यात कसलं तरी काम काढून बसायच्या. त्या दिवसांत आमच्या म्हशी फार स्वच्छ असायच्या.

भाऊबीजेला संध्याकाळी मात्र त्या ताट लावायच्या. ज्यांना भाऊ नाही त्या चांदोबाला ओवाळतात, तशा त्या अंगणात उभ्या राहून नखाएवढ्या चंद्रकोरीला ओवाळायच्या. ओवाळताना ओठ हलायचे. काय म्हणायच्या ते मला कधी ऐकू आलं नाही.

"भाऊबीजेला न्यायला येतोय, आत्या," उत्तमराव म्हणाले. "आतापासून सांगून ठेवतो. ही साडी माहेरची."

"मला?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "मला म्हणायलाय का गं ह्यो?"

"तुमालाच. भुजंगकाकाचा पुतळा बसवलाय शाळेपुढं. निजामाचं राज्य जाऊन पन्नास वर्षं झाली न्हाई का, त्याचा कार्यक्रम. आमदारसाहेब पडदा सारणार अन् तुमी पुतळ्याला ओवाळायचं. हुतात्म्याची सख्खी बहीण!"

भुजंग हा सासूबाईंचा भाऊ. रझाकारांच्या टोळ्या गावं लुटत फिरायच्या त्या साली, पोळ्याच्या आधी मारला गेला, एवढंच मला माहीत होतं. सासूबाई त्याच्याबद्दल बोलायच्या ते वेगळंच. नाव सापाचं आणि जीव चिमणीचा, म्हणायच्या. रात्री परसाकडे जायचं तर लहान बहिणीला कंदील धरून उभं करायचा आणि आडोशामागून सारखं विचारायचा, "केवळे, हाईस का?" आईबरोबर जात्यावर बसून ओव्या म्हणायचा म्हणून पोरं त्याला भुजंगाबाई म्हणायची.

"त्याचा पुतळा?" सासूबाई म्हणाल्या. "कशापाई?"

तेव्हा सर पुढे झाले. देऊळगावकर सर, तालुक्याच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी आमच्या भागातल्या त्या सालावर कादंबरी लिहिली होती, 'वेशीवरचा वणवा'. तिला जिल्ह्याचं बक्षीस मिळालं होतं. मी ती वाचली नव्हती. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं शिक्षण किराणा मालाच्या पुड्यांच्या कागदांवर आणि ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालेलं, आणि आमच्या कपाटात नवं पुस्तक यायला पाच-दहा वर्षं लागतातच.

"बाई, तुमच्या भावाचं प्रकरण वाचून दाखवतो," सर म्हणाले. "तुम्ही ऐकायलाच हवं."

वाचणं मोठं झोकात होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. गाव रानात पळून गेलेलं. वेशीत एकटा भुजंग, आजोबांची तलवार घेऊन. पिळदार मिशा. 'माझ्या गावच्या आयाबहिणींकडे जायचं तर माझ्या मढ्यावरून जा' असं तो म्हणतो. पहिली गोळी छातीवर, दुसरी छातीवर, तिसरी छातीवर, आणि तरी तो उभाच. सरांचा आवाज शेवटी भरून आला. उत्तमरावांनी डोळे पुसले. माझेही भरले होते.

सासूबाई शेंगेचं एक टरफल नखानं कुरतडत होत्या.

"मिशा न्हवत्या त्याला," त्या म्हणाल्या.

"असं काय करता, आत्या," उत्तमराव हसले. "पुतळ्याला मिशी पाहिजेच की."

"तलवार बी न्हवती आमच्यात. इळा व्हता." मग त्यांनी सरांकडे बघितलं. "अन् गोळी पाठीत व्हती. मायनं धुतला त्याला, म्या पाणी घातलं. छाती कोरी व्हती."

मला वाटलं, सर आता चिडतील, नाहीतर ओशाळतील. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक आहे, बाई."

"ठाऊक हाय?"

"तुमच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. प्रेत उचलायला तो होता. पाठीतली गोळी मी छातीवर घेतली. ही कादंबरी आहे, इतिहास नाही. इतिहासात तुमच्या भावाचं नावसुद्धा नाही. मी शोधलं. सरकारदरबारी नाही, कुठल्या यादीत नाही. पाठीत गोळी लागलेली अशी किती पोरं त्या साली मेली, कोण त्यांची आठवण काढतं?"

"मग नाव तरी बदलायचं होतं, सर," मी म्हणाले. पाहुण्यांपुढे सुनेनं बोलायची रीत नव्हती, पण तोंडातून गेलं. "माणूस तुमचा, तर नाव पण तुमचंच द्यायचं."

सर माझ्याकडे वळले. त्यांना राग आलेला नव्हता. इतक्या वर्षांनीही मला त्यांच्याबद्दल वाईट बोलता येत नाही ते त्यामुळेच.

"नाव बदललं असतं तर तो पुन्हा मेला असता, ताई. आता हिवरदरीची पोरं शाळेत जाताना त्याच्यापुढं उभी राहतील. खरं लिहिलं असतं तर पुतळा बसला असता का? ही जीप तुमच्या दारात आली असती का?"



उत्तमरावांनी खोका सासूबाईंपुढे सरकवला. "आत्या, तुमची माय गेल्यापासून तुमाला कुणी बोलावलं न्हाई, ती आमची चूक. माझ्या बायकोनं तुमच्यासाठी खोली सारवून ठेवलीय. ओवाळून झालं की चार दिस ऱ्हायचं. पुढल्या वर्षी बी न्यायला येणार. दर वर्षी. तुमच्या भावाचं गाव हाय ते."

चहा झाला. जीप गेली. धूळ बसेपर्यंत सासूबाई वेशीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खोका उघडला. हिरवी, लाल काठाची इरकल होती. त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि वास घेतला, लहान मूल नव्या पुस्तकाचा घेतं तसा.

"जायचं का, मामी?" मी विचारलं.

"तू काय म्हणतीस?"

"मी काय म्हणणार. माहेर तुमचं."

त्यांनी साडी पुन्हा खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ज्वारीच्या रानात खुरपत होतो. कणसं निसवलेली, ताटं डोक्याच्या वर गेलेली. सासूबाई मध्येच थांबल्या आणि दोन सऱ्यांच्या मधे खाली बसल्या. मला वाटलं, चक्कर आली.

"असंच व्हतं बघ," त्या म्हणाल्या. "एवढालीच ज्वारी. आमी हितं अशे बसल्यालो."

मी खुरपं टाकून जवळ गेले.

"सगळी पांगली व्हती. माय एकीकडं, बाबा एकीकडं. मी अन् त्यो. त्याचे दात वाजायले. म्हणलं दादा, तोंड मिट, ऐकू जाईल. त्यानं मपला हात धरल्याला, असा गच्च, की बांगडी फुटली. म्हणला, केवळे, मला सोडून जाऊ नको. म्या म्हणलं, न्हाई जात."

"मग?"

"मग बार झाला. लांब व्हता. आमाला कुणी बघितलं सुदिक न्हवतं. गप बसला असता तर..." त्यांनी एक ताट धरलं, सोडलं. "त्यानं हात सोडला अन् पळाला. वळून बघितलं न्हाई. मला तिथंच टाकून पळाला."

वाऱ्यानं पाती वाजत होती. त्यांना रडू आलं नव्हतं. मलाच आलं.

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? मायला? तिला म्हणलं, मी लांब व्हते, मला काय दिसलं न्हाई." त्यांनी खुरप्याला चिकटलेली माती बोटानं काढली. "पयलं दोन वर्सं लई राग आला त्याचा. ओवाळलं न्हाई. मग कळाया लागलं, पोरी. भेलं व्हतं गं लेकरू. आता मला वाटतं, लेकरूच व्हतं. भेलं तर काय करावं त्यानं? तवापासून ओवाळते. त्याला सांगते दर साली, दादा, मी रागावले न्हाई. तेवढं ऐकायला तरी ये."

चंद्रकोरीपुढे हलणारे ते ओठ मला तेव्हा कळले.

"आता त्या मिशीवाल्याला मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "त्यानं कुणाला टाकलं न्हाई. त्याला मी माफ काय करू? त्यो कशाला मपला भाऊ व्हईल?"

"मग नका जाऊ."

"आन् माहेर?"

एवढंच म्हणाल्या आणि पुढची सरी खुरपायला लागल्या.

भाऊबीजेच्या सकाळी त्यांनी इरकल नेसली. मला म्हणाल्या, "तू पण चल, मला भाषणं कळत न्हाईत." ज्ञानोबा, माझे मालक, घरी राहिले. त्यांना आईचा हा सोहळा बघवत नव्हता की म्हशीची काळजी होती, कोण जाणे. दोन्ही खरं असेल.

हिवरदरीच्या वेशीत बायका उभ्या होत्या. जीपमधून पाय खाली टाकायच्या आतच एका म्हातारीनं सासूबाईंच्या गळ्यात हात टाकला. "केवळे, मी गं, सोना! इहिरीवर संगं जायचो!" मग दुसरी आली, तिसरी आली. भाकरीतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. साठी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई त्या बायकांच्या गराड्यात अशा हसत होत्या की मला त्या ओळखूच येईनात. त्यांच्या हनुवटीवरचं गोंदण पहिल्यांदा मला सुंदर वाटलं. 'आत्या आली, आत्या आली' करत पोरं पुढे पळत होती.

पुतळा शाळेपुढे होता. आमदार दुपारपर्यंत आलेच नाहीत, त्यामुळे हुतात्म्याला बराच वेळ चादरीखाली थांबावं लागलं. शेवटी पडदा निघाला. छातीपर्यंतचा सोनेरी पुतळा, बैलासारखी मान, कल्लेदार मिशी, कपाळाला आठी. बिड्यांच्या पाकिटावर शोभला असता. खाली काळ्या पाटीवर लिहिलेलं : 'हुतात्मा भुजंगराव गिराम. छातीवर गोळ्या झेलल्या'. लोकांनी घोषणा दिल्या.

"आता हुतात्म्याच्या भगिनी केवळाबाई..." कर्ण्यातून आवाज आला.

सासूबाई ताट घेऊन उठल्या. मी त्यांच्या शेजारी निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरून उभी राहिले, म्हणून पुढचं मला दिसलं. त्या पुतळ्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या मागे बघत होत्या. पाठीकडे. पुतळ्याला पाठ नव्हती. मागून तो सपाट होता, भिंतीला टेकवायला केल्यासारखा.

वेळ जायला लागला. कुजबूज सुरू झाली. पहिल्या रांगेत देऊळगावकर सर मान खाली घालून बसले होते.

"आत्या," उत्तमराव हळूच म्हणाले, "सगळी बघायलीत."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ह्यो न्हाई गं, शकू," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"चला मग. ताट ठेवा खाली," मी म्हणाले. "मी सांगते तब्येत बरी नाही."

त्यांनी मागे बघितलं. सोनाबाई उन्हात डोळ्यांवर हात धरून उभी होती. उत्तमरावांची बायको हिरव्या चुड्याची पुडी घेऊन उभी होती, आत्याच्या हातात भरायला. तिच्या मागे गल्ली, त्या गल्लीत कुठेतरी सारवलेली खोली.

मग सासूबाईंनी ताट उचललं. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांचे ओठ मिटलेले होते. कुंकू लावायला हात वर केला तो पुतळ्याच्या कपाळाला पुरेना, तेव्हा कुणीतरी स्टूल आणून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमदारांनी दोन्ही हात जोडले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला तो स्टुलावरचाच.

मी त्याच दिवशी परतले, त्या चार दिवस राहिल्या. आल्या तेव्हा हातभर चुडा, पिशवीत अनारसे, आणि सोनाबाईच्या सुनेच्या भांडणाच्या गोष्टी. खुशीत होत्या. मी त्यांना चांदोबाबद्दल विचारलं, कारण त्या संध्याकाळी मी एकटीच अंगणात बसून कोर बघितली होती.

"दोनदा कुठं ओवाळत्यात व्हय," त्या म्हणाल्या आणि अनारशांचा डबा फळीवर ठेवायला आत गेल्या.

उत्तमरावांनी शब्द पाळला. दर भाऊबीजेला जीप यायची, पुढे मोटारसायकल, पण यायची. सासूबाई पुतळ्याला ओवाळायच्या, चार दिवस राहायच्या. शाळेतली पोरं त्यांना भुजंगाचं सांगा म्हणायची, आणि त्या सांगायच्या. पहिल्या वर्षी म्हणाल्या, तो फार चांगला होता. मग म्हणाल्या, त्याला गावाची फार काळजी. एकदा मीही सोबत होते, तेव्हा त्यांनी वेशीकडे हात करून दाखवलं, "तिथं उभा व्हता." म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, पण त्या बघण्यात काही चुकल्यासारखं नव्हतं. मी ऐकतेय ना, एवढंच त्या बघत होत्या.

परसाकडचा कंदील, जात्यावरच्या ओव्या हे त्यांच्या बोलण्यातून कधी गेलं ते मला सांगता येणार नाही.

शेवटच्या वर्षी त्यांना फारसं दिसत नव्हतं आणि माणसं विसरायला होत होती. ज्ञानोबांना त्या कधी बाबा म्हणायच्या, कधी गडी. दुपारी त्यांची बाज उन्हात टाकून मी जवळ बसायची. "भुजंगाचं वाच," म्हणायच्या. देऊळगावकर सर तोवर वारले होते. त्यांनी सही करून दिलेली प्रत आमच्याकडे होती, आणि ते प्रकरण मी इतक्यांदा वाचलं होतं की पुस्तक नुसतं धरायला लागायचं.

एका दुपारी माझ्या मनात आलं, एकदा त्यांना त्यांचा भाऊ परत द्यावा. जाताना तरी तो बरोबर असावा. मी पुस्तक उघडलं आणि वाचतेय अशाच आवाजात सांगायला लागले. गाव पांगलं होतं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. दोन सऱ्यांच्या मधे भुजंग आणि त्याची धाकटी बहीण बसली होती. भुजंगाला मिशी फुटली नव्हती. त्याचे दात वाजत होते. केवळे, तो म्हणाला, मला सोडून जाऊ नको.

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. कपाळावर बारीकशी आठी आली.

मी पुढे गेले. बार झाला. त्यानं हात सोडला आणि तो पळाला. बहीण त्याच्यावर रागावली, आणि मग एक दिवस तिचा राग गेला.

"कोण गं ह्यो?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचा भाऊ, मामी. भुजंग."

त्यांनी खूप वेळ आठवून बघितलं. खरोखरच आठवून बघितलं, मला त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं. मग त्यांनी मान हलवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "न्हाई, पोरी. दुसरंच कायतरी वाचायलीस. चष्मा लाव."

मी चष्मा लावला. पान काढलं. वेस वाचली, तलवार वाचली, मढ्यावरून जा वाचलं, पहिली गोळी छातीवर वाचली.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "आता बराबर."